गजालाबाई अमरावतीला खेळल्या तेव्हा

आमच्या अकोल्याच्या क्वार्टरमध्ये आवाज होता तो फक्त गिरणीचा. सूतगिरणी घराच्या मागच्या अंगालाच होती आणि तिची घरघर भिंतीत, मांडणीवरच्या ताटल्यांत, झोपेत, सगळीकडे मुरलेली असायची. सणावाराला गिरणी बंद राहिली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. माणसांचा आवाज मात्र आमच्या घरात फारसा नव्हता. बाबा गिरणीत सुपरवायझर होते आणि मुळातच कमी बोलायचे. आई माझ्या धाकट्या भावाला, बंडूला घेऊन अमरावतीजवळ वलगावला राहायची. तिथल्या शाळेत ती शिकवायची. मला बाबांजवळ ठेवलं होतं, कारण अकोल्याची शाळा चांगली. आणि दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये चौघं मावत नाहीत, मोठं क्वार्टर भेटलं की आई येईल, असं दोघंही सांगायचे. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेतून येताना वाट वाकडी करून मोठ्या क्वार्टर्सच्या रांगेवरून यायचे आणि आपलं कोणतं असेल ते ठरवायचे. शेवटचं, पेरूच्या झाडाचं, मला पसंत होतं.

सकाळी मी पोळ्या करायचे. कडा कच्च्या राहायच्या. बाबा काही न बोलता खायचे आणि डबा घेऊन पाळीला जायचे. वरण, आलूची भाजी, नाहीतर नुसता ठेचा आणि कच्चं तेल. शेजारच्या शमीम खाला, गिरणीतल्या फिटरच्या बायको, कुंपणावरून अधूनमधून वाटी द्यायच्या आणि वर ऐकवायच्या, "पोट्टी, पोळ्यात मीठ टाकत जाय वो, बाप सांगणार नाही तुझा." शाळेतून आल्यावर बाबा येईपर्यंत दुपार आणि अर्धी संध्याकाळ माझी एकटीची असायची. मी उंबऱ्यावर बसून गिरणीची घरघर ऐकायचे. आज माझी मुलगी फोनवर विचारते, "आई, एकटी आहेस, कंटाळत नाहीस का?" तिला काय सांगू? मी तेराव्या वर्षीच शिकले आहे ते.

त्या वर्षी गिरणीनं इटलीतून नवी यंत्रं मागवली. ती बसवायला इंजिनियर आला आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. त्यांना मैदानाच्या टोकाचा बंगला दिला. बाईंचं नाव ग्राझिएला होतं, ते कॉलनीत कोणाच्याच जिभेवर बसेना. खाला म्हणाल्या, "गजाला म्हणते का? अच्छा नाम है," आणि त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या गजालाबाई झाल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, उन्हानं भाजलेल्या. उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच जाड होता, आणि त्यावरून बायकांत बरीच चर्चा झाली. एक दिवस दुपारी मी उंबऱ्यावर बसलेली असताना गिरणीच्या घरघरीत दुसराच एक आवाज मिसळला. थप्. मग जरा थांबून, थप्. मी आवाजाच्या मागं गेले. सरकीच्या गोडाऊनच्या भिंतीवर गजालाबाई चेंडू मारत होत्या. चेंडू दर वेळी भिंतीच्या त्याच एका विटेवर लागत होता. मी तिथंच खाली बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी वळून पाहिलं, रॅकेट माझ्यापुढं धरली आणि भुवया उंचावल्या.

अशी मी टेनिस शिकायला लागले. बाई रोज दुपारी उन्हं कलली की भिंतीकडे यायच्या आणि मी दप्तर टाकून पळायचे. "गेंद देखो, नलू. दीवार नहीं." हिंदी त्यांनी खालांकडून उचलली होती आणि वऱ्हाडीतला एकच शब्द त्यांना फार आवडला होता, 'काहून', म्हणजे 'का'. माझा चेंडू बाहेर गेला की काहून, मी उशिरा आले की काहून, वीज गेली की आकाशाकडे बघून काहून. कधी मला बंगल्यावर न्यायच्या. तिथं त्या कणीक मळून पातळ लाटायच्या, सुरीनं पट्ट्या कापायच्या आणि बाजेवर चादर अंथरून वाळत घालायच्या. खालांनी ते पाहिलं तेव्हा त्या हसून बेजार झाल्या. "अवो माय! ही तं शेवया करून राहिली!" मग दोघींनी एकाच बाजेवर, अर्ध्या भागात खालांच्या शेवया आणि अर्ध्या भागात बाईंच्या पट्ट्या अशी वाळवणं घातली. बाईंच्या पट्ट्या टमाटरच्या रश्शात शिजायच्या. मला त्या अळणी लागायच्या, पण मी मागून घ्यायचे, कारण त्या घरात जेवताना बोलायची पद्धत होती.

कॉलनीत सगळे म्हणायचे, बाई तिकडची चँपियन आहे. मी एकदा विचारलं तर त्या हसल्या. पुढं महिनाभर, थोडं थोडं, हिंदी, इंग्रजी आणि हातवाऱ्यांनी त्यांनी मला जे सांगितलं त्यातून मला समजलं ते असं. माझ्याएवढ्या असतानाच त्यांनी खेळासाठी घर सोडलं. मग वर्षानुवर्षं एका गावाहून दुसऱ्या गावी जाणं, स्वस्त हॉटेलांच्या खोल्या, खिडकीला दोरी बांधून वाळत घातलेले मोजे. रोमच्या मोठ्या स्पर्धेत त्या खेळल्या होत्या. एका वर्षी बऱ्याच पुढंही गेल्या आणि लोक त्यांचं नाव घेऊन ओरडले. ती एकच दुपार. बाकी आयुष्य हरण्यातच गेलं. "हर हफ्ते एक लडकी जीतती," त्या म्हणाल्या. "बाकी सब हारती, बॅग उठाती, गाडी पकडती. मैं बाकी सब." मग खांदा गेला, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याची यंत्रं जिथं जातील तिथं त्या जाऊ लागल्या. मी विचारलं, एवढं हरायचं तर खेळायच्या कशाला? त्या म्हणाल्या, "हारने तक कोई कोर्ट से उठा नहीं सकता."

हल्ली टीव्हीवर त्या रोमच्या लाल कोर्टवरचे सामने दाखवतात. जिंकणारी दोन्ही हात वर करते आणि कॅमेरा तिच्याच भोवती फिरत राहतो. मी मात्र कोपऱ्यातली दुसरी बघत असते. ती घाईघाईनं बॅग भरते, एकदा हात हलवते आणि दारातून आत जाते. ती कुठं जेवेल, कोणाला फोन करेल, एवढंच माझ्या डोक्यात येतं.

नवी यंत्रं चालू झाली तेव्हा अमरावतीला समारंभ ठरला, कारण गिरणीचे अध्यक्ष तिथले होते. जेवण, भाषणं आणि क्लबच्या कोर्टवर एक सामना: इटलीची खेळाडू विरुद्ध अध्यक्षांचे जावई. जावई त्या भागात टेनिसमध्ये नावाजलेले होते. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी आले ते बराच वेळ पायातली चप्पल न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "नलू, तुले समजते न त्या बाईचं बोलणं? चाल माझ्यासंगं."

बंगल्याच्या वाटेवर त्यांनी मला कसंबसं सांगितलं. बाईनं जरा सांभाळून खेळावं. सामना रंगू द्यावा, पण शेवटी जावईबापूंचा मान राहावा. हे नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, तो म्हणाला होता की टेनिसमधलं मी तिला काही सांगत नाही. "आणि साहेब म्हणत होते," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले, "मोठ्या क्वार्टरचं तुमचं नाव वरच आहे म्हणून." दोन्ही गोष्टी मॅनेजरनी एका दमात सांगितल्या होत्या. बाबांनीही मला त्या तशाच सांगितल्या.

बाई बाजेवर बसून पट्ट्या उलटत होत्या. बाबांनी नमस्कार केला, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि इंग्रजीत यंत्रांबद्दल बोलले. मग उन्हाबद्दल बोलले. मग पाणी मागितलं. मी वाट पाहिली. ते सांगणार नाहीत हे मला दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं पेरूचं झाड होतं. मीच बोलले. जावई अध्यक्षांचे आहेत, त्यांना जिंकू द्या असं साहेब म्हणतात, असं सगळं मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. आणि कोणी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं: "आप हारेंगे तो मेरी आई आएगी."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. दर रविवारी मी आईकडे वलगावला जाऊन यायचे आणि मग दोन दिवस गप्प असायचे, त्याचा अर्थ बहुतेक त्यांना त्या क्षणी लागला असावा.

"काहून?" बाईंनी विचारलं. मी त्यांना क्वार्टरचं समजावलं. दीड खोली, चार माणसं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हाताचं पीठ झटकलं आणि माझी वेणी सरळ केली. "हारना मुझे आता है, नलू. बहुत अच्छा आता है."

अमरावतीला आम्ही गिरणीच्या गाडीतून गेलो. क्लबचं कोर्ट मुरुमाचं होतं. पाणी मारून, रोलर फिरवून तयार ठेवलेलं. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि वाकून चिमूटभर मुरुम बोटांत चोळला. त्यांच्या लाल कोर्टवर विटांचा चुरा असतो, हे त्यांनी मला सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की मी नजर वळवली. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं. मंडपात पुढं अध्यक्ष, त्यांच्या घरच्या बायका, अधिकारी. मागं आम्ही कर्मचारी, चहाच्या पिंपाजवळ. कंपाउंडच्या भिंतीवर शाळेची पोरं चढून बसली होती.

पहिला सेट बाई ठरल्यासारखं खेळल्या. दर चेंडू जावईबापूंच्या हातात नेमका जाईल असा, सावकाश. मी रोज त्यांच्यासमोर उभी राहत होते, म्हणून मला ते कळत होतं. एवढं नेमकं द्यायलाही केवढा हात लागतो! लोक खुश होते. बाई पळत होत्या, धापा टाकत होत्या, आणि अगदी थोडक्यात हरत होत्या. सेट जावईबापूंनी घेतला. मी मनातल्या मनात आईचा पाट कुठं मांडायचा ते ठरवत होते.

दुसरा सेट सुरू झाला आणि जावईबापूंना माया आली. माणूस वाईट नव्हता. बाई बिचारी दमली, आपणही थोडं द्यावं, असं त्यांना वाटलं असणार. सोपा चेंडू आला तो त्यांनी हसत हसत मुद्दाम लांब बाहेर मारला आणि बाईंना वाकून सलाम केला. मंडप हसला. कोणीतरी म्हणालं, "वा जावईबापू, दिलदार माणूस!" टाळ्या पडल्या.

बाईंनी सलाम घेतला नाही. मुरुमावर चेंडूची खूण उमटली होती, त्या चालत तिथवर गेल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या. मग पायानं ती खूण पुसली. परत आल्या, केस मागं बांधले. एकदा मागं चहाच्या पिंपाकडे पाहिलं, मी होते तिकडे. आणि मग खेळल्या.

ते मला नीट सांगता येणार नाही. रोज माझ्याशी खेळणारी बाई ती नव्हतीच. चेंडू मुरुमाला घासत जायचे आणि उसळायचेच नाहीत. जावईबापू पुढं धावले की डोक्यावरून जायचे, मागं गेले की जाळीजवळ अलगद पडायचे. त्यांचा पांढरा शर्ट एका बाजूनं मुरुमानं माखला. मंडपात कोणी बोलेनासं झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात इतके आवळले होते की जबडा दुखत होता. आई येणार नाही, एवढंच मनात होतं. पण मला मान वळवता येत नव्हती. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटचा चेंडू रेषेवर पडला आणि सामना संपला. बाई जाळीपाशी गेल्या, हात पुढं केला. टाळी पडेना. अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघून सगळे थांबले होते. आणि माझ्या शेजारून टाळ्यांचा आवाज आला. बाबा उभे होते. मान खाली, पण हात छातीच्या उंचीला, आणि ते टाळ्या वाजवत होते, एकटेच. मॅनेजरनी मागं वळून पाहिलं. बाबा थांबले नाहीत. मग भिंतीवरच्या पोरांनी ओरडा केला, ड्रायव्हर लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि शेवटी अध्यक्षांनीही दोनचार वाजवल्या.

दुसरा दिवस रविवार होता. बाबांनी मला वलगावला सोडलं. नेहमीसारखे अंगणातच उभ्यानं पाणी प्याले, बंडूच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीच्या एसटीला निघून गेले. आई सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून रडायला लागले, जावईबापू, सामना, क्वार्टर, सगळं एकातून एक. तिनं ऐकलं. काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली.

"नलू," ती म्हणाली, "मोठं क्वार्टर भेटलं असतं तरी मी येणार नव्हती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझ्या बाबाचं माझं भांडण नाही. माणूस सोन्यासारखा आहे. पण त्या घरात मी असलो की दिवसदिवस शब्द नसते वो. मी बोलतो, भिंत ऐकते. मले तिथं जीव घुसमटल्यासारखं होते. इथं पोरंपोरी आहेत, शाळा आहे." तिनं माझे डोळे आपल्या पदरानं पुसले. "तू लहान होती म्हणून क्वार्टरचं सांगत होतो. आता तू लहान नाही."

"मग मी काहून तिथं?" मी विचारलं.

आईनं निवडलेली पानं सुपात सारली. "त्याले कोणीतरी पायजे न," ती म्हणाली.

अकोल्याला परतल्यावर मी भिंतीकडे गेले नाही. दुपारी चेंडूचा आवाज यायचा आणि मी दार लावून घ्यायचे. काही दिवसांनी आवाज थांबला आणि दारावर थाप पडली. गजालाबाई आमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी ती दीड खोली डोळाभर पाहून घेतली आणि चुलीजवळ पाटावर गुडघे दुमडून बसल्या. मी सांगितलं, आई येणार नाही. तुम्ही हरला असता तरी येणार नव्हती. त्या काही समजूत घालतील असं मला वाटलं, पण तसं काही त्या बोलल्या नाहीत. मला त्यांनी त्यांच्या शेवटच्या सामन्याची गोष्ट सांगितली, आधी कधी न सांगितलेली. कुठलंसं थंडीचं गाव, बघायला तुरळक माणसं, त्यातली निम्मी पुढच्या सामन्यासाठी आलेली. त्या हरल्या आणि हा शेवटचा सामना, हे त्यांना एकटीलाच माहीत होतं. सांगायला कोणी नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाईनं विचारलं, कपाट कधी रिकामं करता? एवढंच.

"अमरावती में एक आदमी ताली बजाता था," त्या म्हणाल्या. "पहले वो. अकेला. तेरे बाबा?"

मी मान हलवली.

"मैंने देखा," त्या म्हणाल्या. "उनको बोलना, मैंने देखा."

मी ते बाबांना रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ते हातातला घास तसाच धरून थांबले. मग "बरं," म्हणाले आणि जेवले.

मोठं क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. बाबांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. यंत्रांचं काम संपलं तशी इटलीची मंडळी निघाली. स्टेशनवर मी आणि खाला गेलो होतो. खाला रडल्या, त्यांनी शेवयांचा डबा दिला. बाईंनी मला एक रॅकेट दिली, गालाला गाल लावला आणि डब्यात चढल्या. खिडकीतून त्यांनी फार हात हलवला नाही. गाडी पकडायची त्यांना सवय होती. पुढं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी खेळाडू झाले नाही. कॉलेजकडून खेळले, बहुतेक हरले, मग बँकेत लागले.

पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दुपारींबद्दल. त्या फार लांब होत्या. शाळेतून यायचं, रॅकेट खुंटीवर बघायची, उंबऱ्यावर बसायचं. एका संध्याकाळी बाबा पाळीवरून आले ते खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन. आत न येता ते खालांच्या आणि आमच्या क्वार्टरमधल्या मोकळ्या जागेत गेले आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी बांधू लागले. मी जवळ गेले. दोरी किती उंच हवी हे त्यांनी मला हातानंच विचारलं. मी कमरेजवळ हात ठेवला. कोणीतरी टाकून दिलेली एक रॅकेट त्यांनी कुठून तरी मिळवली होती, तारा दोन जागी तुटलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी, विळा धरावा तशी धरली. अंगात गिरणीचा शर्ट, केसांत कापसाचे तंतू. खाला दारात येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी अगदी सावकाश चेंडू दिला. बाबांनी रॅकेट फिरवली, चेंडू त्यांच्या मागं निघून गेला. ते वळले, धावत जाऊन तो आणला, हातानं माझ्याकडे फेकला. पुन्हा दिला, पुन्हा चुकला. कितीतरी वेळ असंच चाललं. अंधार पडत आला तसा मी म्हणाले, "राहू द्या बाबा, उद्या खेळू."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "हे पाय कसे ठेवायचे ते सांग मले. आणि तू बोलत राय. तू बोलली की मले चेंडू कुठून येते ते समजते."